चुलीचं तोंड

गेल्या पौषात पुतण्या पुण्याहून चार मित्रांना घेऊन हुरड्याला आला. गाडीच्या डिकीतून त्यानं एक चकचकीत पेटी काढली, तिचे चार पाय उलगडले, वर जाळी ठेवली, खाली कोळशाची पिशवी रिती केली आणि म्हणाला, "तात्या, ही बघा नवी चूल. बार्बेक्यू. घडी घातली की सुटकेसएवढी होते."

मी चारी बाजूंनी बघितली. पत्रा पातळ होता, पण काम नीट होतं. राख पडायला खण, बाजूला वाऱ्याला भोकं. मी म्हणालो, "अरे, ही तर आपली शेगडीच. फक्त पाय लांब झाले."

आई ओट्यावर बसली होती. तिला हाक मारून पोरगा म्हणाला, "आज्जी, ये की शेकायला." ती जागची हलली नाही. पदर नाकाला लावून म्हणाली, "मी लई शेकले बाबा. साठ वर्सं शेकले. आता तुमी शेका."

पोरं हसली. मला काही हसू आलं नाही. चुलीवरची भाकरी, चुलीवरचं मटण असल्या पाट्या हल्ली प्रत्येक हमरस्त्यावर दिसतात. त्या पाट्या वाचताना जिभेला पाणी सुटतं, ते माझ्याही सुटतं. पण त्या चुलीपुढं जन्म काढलेली बाई विस्तवापासून पन्नास पावलं लांब जाऊन बसते, तेव्हा काहीतरी हिशोब राहिलेला असतो. तो मांडावा म्हणून हे लिहितोय.

आमचं गाव घोड नदीच्या काठाचं. लहानपणी दिवाळीनंतर धनगरांचे वाडे रानात उतरायचे. घोड्यावर सगळं बिऱ्हाड. वाकळा, कोंबड्या, पोरं आणि जाळीत बांधलेली चार भांडी. एक तवा, एक पातेलं, एक काटवट, पाण्याची घागर. घोड्यावरून ओझं उतरलं की धनगरीण पहिल्यांदा इकडंतिकडं बघून तीन दगड गोळा करायची. तीन दगड मांडले, खाली काटक्या सारल्या, की त्या उघड्या रानात घर झालं. दोन-चार रात्रींनी वाडा पुढं जायचा. मागं लेंड्यांचं खत आणि तीन काळे दगड राहायचे. आम्ही पोरं ते दगड लाथेनं उडवायला गेलो की आजी ओरडायची, "आरं, चूल हाय ती! पाय लावू नगा." माणसं निघून गेली तरी तिच्या लेखी चूल चूलच होती.

तीनच दगड का, हे तेव्हा कळलं नव्हतं. दोन दगडांवर भांडं डुगडुगतं. चार दगडांवर एखादा खालीवर झाला की तेच होतं. तीन दगड कसेही असोत, त्यांच्यावर भांडं बसतंच. शिवाय एक बाजू उघडी राहते, तिथून जळण सारायचं. इतकी साधी गोष्ट आहे, म्हणून ती जगभर सगळीकडं सापडते.

आमच्याच नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून १९८३ पर्यंत खोदकाम केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचं शेतकऱ्यांचं गाव जमिनीखालून वर आलं. शंभराहून जास्त घरं, घरांतून चुली, धान्य साठवायचे खड्डे, जळून काळे झालेले गहू, जव आणि डाळींचे दाणे, कापल्याच्या खुणा असलेली जनावरांची हाडं. तांबड्या रंगावर काळी नक्षी काढलेली मडकी निघाली. तशी मडकी पहिल्यांदा संगमनेर तालुक्यातल्या जोर्व्याला सापडली, म्हणून त्यांना जोर्वे भांडी म्हणतात. राजे कोण होते हे तिथं कुठं लिहिलेलं नाही. पण माणसं काय शिजवत होती ते राखेनं सांगितलं. आमच्याकडचा इतिहास असा चुलीतून निघालेला आहे.

आता आमच्या घरची चूल. ती तीन दगडांची नव्हती, मातीची होती. काळी माती, शेण आणि गव्हाचा भुसा दोन दिवस भिजवून, तुडवून आई ती घालायची. मोठी चूल आणि तिच्या अंगाला वैल. मोठ्या चुलीचा जाळ आतल्या भोकातून वैलाखाली जायचा. पुढं भाकरी होईपर्यंत मागं डाळ शिजायची, म्हणजे एका जळणात दोन कामं. रोज सकाळी चुलीला पोतेरं द्यायचं, हळदीकुंकू लावायचं, मग पेटवायची. नागपंचमीला तवा चढत नसे, त्या दिवशी पुरणाचे दिंड उकडायचे. घरात मयत झालं तर चूल पेटत नसे, भावकीतून पिठलं-भाकरी यायची. भाऊ वाटून निघाले की चूल वेगळी झाली म्हणायचं. लग्नाला घरातल्या सगळ्यांना बोलवायचं असलं तर चूलबंद आवतण द्यायचं, म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायला नको. घर म्हणजे चूल, इतका साधा हिशोब होता.

जळणाचं राज्य वेगळं. तुराट्या आणि पऱ्हाट्या भुरकन पेटतात आणि भुरकन विझतात, त्या फक्त पेटवणाला. बाभळीचं लाकूड सावकाश पेटतं, पण त्याचा निखारा टिकतो. भाकरी शेकायला तोच हवा. गोवरीचा जाळ मंद, दूध तापवायला तीच. पावसाळ्याआधी गोवऱ्यांचा हुडवा रचून वरून शेणानं लिंपून ठेवायचा. लिंपण नीट नसलं की श्रावणात ओल्या गोवऱ्या धुमसायच्या, घरभर धूर कोंडायचा आणि आई फुंकणी घेऊन गुडघ्यात मान घालून फू फू करत बसायची. तिचे डोळे बारा महिने लाल असायचे. आम्हाला वाटायचं, आईचे डोळे असेच असतात.

भांड्यांचाही एक इतिहास आहे. आजीच्या काळी कालवण मडक्यात, भाकरी तव्यावर, पाणी तांब्याच्या हंड्यात. पितळेची पातेली मोठ्या घरातून. तांब्यापितळेत आंबट ठेवलं की ते कळकतं, म्हणून वर्षातून एक-दोनदा कल्हईवाला यायचा. वडाखाली जमिनीत भाता पुरायचा, भांडं तापवून लाल करायचा, नवसागराची पूड टाकायचा. पांढरा धूर उठायचा, त्याचा वास नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं एक हात फिरवला, की काळवंडलेलं पातेलं आतून चांदीसारखं उजळायचं. आम्ही शाळा बुडवून ते बघायचो.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मी तेव्हा दहा वर्षांचा. आई-वडील खडी फोडायला जायचे. कामावर सुकडी मिळायची, रेशनवर लाल मिलो. त्या मिलोची भाकरी थापताना चिरायची, आई तिला पाण्यानं सांधायची. त्या साली आजीचे दोन्ही हंडे आणि पितळेची पातेली मोडीत गेली. त्यांच्या जागी जर्मलची भांडी आली. ॲल्युमिनियमला आमच्याकडं जर्मलच म्हणतात. हलकी, स्वस्त आणि कल्हई नको. कामाच्या जागी आई तीन दगड मांडायची आणि त्या जर्मलच्या डेचकीत कण्या शिजवायची. आजी ते भांडं हातात घेऊन म्हणाली होती, "वजनच न्हाई ह्याला. वाऱ्यानं उडायचं घर." तवा तेवढा तिनं विकू दिला नाही. तो बिडाचा तवा अजून माझ्याकडं आहे.

त्या तव्याबद्दल चार शब्द सांगतो, कारण हल्ली लोक मुद्दाम शोधून तसले तवे घेतात. बीड जड असतं, उशिरा तापतं, पण तापलं की ऊब बराच वेळ धरून ठेवतं. तापलेल्या बिडावर गार पाणी ओतू नये, तडकतं. धुतल्यावर लगेच विस्तवावर कोरडं करावं आणि तेलाचा हात फिरवावा, नाहीतर रात्रीत गंज धरतो. नवा तवा असेल तर कांदा तेलात बुडवून आठ-दहा दिवस घासत राहावं. एकदा तो काळा, गुळगुळीत झाला की पिढ्या जातात.

आता घराबाहेरच्या विस्तवाकडं येतो, कारण आनंदाचा विस्तव तोच होता.

पौष-माघात शाळू दुधात भरला की हुरडा. बांधाला हातभर खड्डा घ्यायचा, त्यात गोवऱ्या पेटवायच्या, ती आगटी. जाळ बसून नुसता आर राहिला की त्यात कणसं खुपसायची. वास सुटला की काढून गरम गरम तळव्यावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा. गुलभेंडीचा हुरडा आमच्याकडं नावाजलेला. आता राहुरीच्या कृषी विद्यापीठानं फुले उत्तरा नावाचं खास हुरड्याचं वाणही काढलं आहे. हुरडा हे तसं फौजेचंही खाणं. थोरल्या बाजीरावाची गोष्ट सांगतात, की निजामानं त्याचं चित्र काढायला चितारी धाडला. चिताऱ्यानं चित्र आणलं ते असं : बाजीराव घोड्यावर, खांद्याला भाला आणि दोन्ही हातांनी कणीस चोळून खाणारा. ते चित्र बघून निजामाला धास्ती वाटली म्हणतात. ज्याला चुलीसाठी थांबावं लागत नाही, त्याला गाठणार कसं?

चंपाषष्ठीला वांगी आरात भाजून भरीत आणि रोडगे. जत्रेला पटांगणात हातभर खोल चर खणून त्यावर मटणाची मोठाली पातेली. गुऱ्हाळावर चुलाणावरची काहील. तिथं जाळव्या चिपाडं टाकत राही आणि आम्ही उसाच्या कांडक्यावर गरम काकवी चाटत बसू.

पुढं मास्तर म्हणून माझी पहिली नेमणूक अलिबागकडं झाली. त्या भागात हिवाळ्यात पोपटी लावतात, ती मी तिथं शिकलो. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, मधे बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. वर पुन्हा पाला दाबून तोंड बंद. मग मडकं शेतात उपडं ठेवायचं आणि चहूबाजूंनी पेंढा, काटक्या रचून पेटवायचं. आत पाण्याचा थेंब नाही, तेलाचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावर सगळं शिजतं. गुजरातचं उंधियू याच कुळातलं. उपडं मडकं आणि भोवती जाळ. पाल्याचा तो उग्र वास अजून नाकात आहे.

हे सगळं आठवताना एक गोष्ट उशिरा ध्यानात आली. आगटी कोण लावायचं? बाप्ये. जत्रेचं मटण कोण रांधायचं? बाप्ये. पोपटी कोण लावायचं? तिथंही गडी माणसंच पुढं. घरात ज्यानं कधी चहाचं आधण ठेवलं नाही, तो रानात विस्तवापुढं उकिडवा बसून मोठ्या तोऱ्यात म्हणायचा, "बघा, कसं झालंय." उघड्यावरचा विस्तव वर्षातून चार वेळा असतो, धूर आभाळात जातो आणि खाणारे वाखाणतात. घरातला विस्तव दिवसातून दोनदा असतो, धूर आढ्याला कोंडतो आणि भाकरी करपली तरच कुणी बोलतं. विस्तव एकच, एक आमच्या वाट्याला आला, दुसरा आईच्या.

हे कुणाच्या ध्यानात आलंच नाही असं मात्र नाही. गांधीजींनी १९३४ साली अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. त्याचं ठाणं वर्ध्याची मगनवाडी. तिथं बिनधुराची मगन चूल तयार झाली. धूर नळीतून छपराबाहेर काढायचा, एवढीच कल्पना, पण मोलाची. १९८० नंतर सरकारनं सुधारित चुलींचा कार्यक्रम देशभर नेला. आमच्या घरीही तशी एक चूल बसली. दोन पावसाळ्यांत नळी काजळीनं तुंबली. ती साफ करायची असते हे कुणी सांगितलं नव्हतं. वडिलांनी नळी काढून गोठ्यात टाकली आणि चूल पुन्हा धुपायला लागली.

शहरात वेगळी वाट निघाली. स्वीडनच्या लिंडक्विस्टनं १८९२ च्या सुमारास रॉकेलचा हवेच्या दाबावर चालणारा स्टोव्ह काढला. प्रायमस हे त्याचं नाव. ध्रुवावर जाणाऱ्यांच्या तंबूत तो गेला, हिमालयात गेला आणि मुंबईच्या चाळीतही आला. पंप मारायचा, पिन मारायची, की भर्रर्र आवाज करत निळी ज्योत. बंगालमध्ये इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास इकमिक कुकर काढला. डब्यावर डबा, खाली थोडा कोळसा. प्रवासात किंवा एकट्या माणसानं लावून द्यावा आणि कामाला जावं. मुंबईत १९५५ साली बर्मा-शेलनं गॅसच्या टाक्या विकायला सुरुवात केली.

आमच्या घरात स्टो आला तो मी नोकरीला लागल्यावर. आईला त्याची भीती वाटायची, आणि ती उगीच नव्हती. त्या काळी पेपर उघडला की आतल्या पानावर एक बातमी ठरलेली असायची : स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू. काही ठिकाणी खरंच भडका उडायचा. पण भडका नेमका नव्या सुनेच्याच अंगावर का उडतो आणि सासूच्या का नाही, हा सवाल बायकांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. १९८३ साली छळाविरुद्ध ४९८-अ कलम आलं आणि १९८६ साली हुंडाबळीचं. चुलीचा इतिहास लिहायचा तर हे पान फाडून टाकता येत नाही.

१९९० नंतर आमच्याकडं गॅस आला. पातेली काळी व्हायची थांबली. आता खरा हिशोब इथं आहे. गॅस आला तरी वडील म्हणायचे, "भाकरी चुलीवरचीच पायजे. गॅसच्या भाकरीला चव न्हाई." आणि खरं सांगतो, मीही तेच म्हणायचो. सुट्टीला गावी आलो की आईला म्हणायचो, "आई, चुलीवर कर गं दोन भाकरी." ती काही न बोलता फुंकणी घ्यायची. भाकरी टम्म फुगायची, आम्ही ती कांदा-ठेच्याबरोबर हाणायचो आणि वर म्हणायचो, वा! गॅस घरात असून आणखी पंधरा वर्षं ती चुलीपुढं बसली, ती आमच्या जिभेपायी.

मग तिला दम लागायला लागला. दोन पायऱ्या चढली की ओट्यावर बसायची. डॉक्टरांनी छाती तपासली, फुंकर मारायला लावून मशिनवर आकडा बघितला आणि विचारलं, "आजी, बिडी ओढत होता का?" आईला राग आला. म्हणाली, "बिडी कशाला वढू? चूल फुकती मी."

डॉक्टर हसले नाहीत. मान हलवून लिहीत राहिले. पुढं मी त्यावर वाचलं. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनच्या डॉ. संदीप साळवींनी २००९ साली 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध नियतकालिकात पीटर बार्न्स यांच्याबरोबर हेच मांडलं होतं. बिडी-सिगारेटला कधी हात न लावलेल्यांनाही सीओपीडी होतो, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या आखडतात; आणि घरातल्या जळणाचा धूर हे त्याचं मोठं कारण आहे. घरातल्या या धुरापायी जगात दरवर्षी तीस लाखांच्या आसपास माणसं दगावतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आईच्या लाल डोळ्यांचा अर्थ मला पन्नाशीत कळला.

त्या दिवसापासून आमच्या घरातली चूल बंद झाली. मी स्वतः ती फोडली आणि माती परसातल्या कढीपत्त्याच्या बुडाला घातली. आई बघत होती. म्हणाली एवढंच, "मीच घातली व्हती, दोनदा."

आता परसात माझा एक कोपरा आहे. तीन दगड, बिडाचा तवा, दोन मडकी आणि एक लोखंडी शेगडी. त्यांच्या जोडीला पुण्याच्या आरती संस्थेचा सराई कुकर आहे. उसाच्या पाचटापासून कांडी कोळसा करण्याची तऱ्हा याच संस्थेनं बसवली आणि २००२ साली तिला त्यासाठी ॲशडेन पुरस्कार मिळाला. शंभर-सव्वाशे ग्रॅम कोळशावर चार-पाच माणसांचा वरण-भात होतो. पुन्हा बघावं लागत नाही. इकमिकचाच हा नातू म्हणा. शेताच्या कडेला, सहलीला याच्यासारखं सोयीचं दुसरं काही नाही. घरात मात्र कोळसा पेटवायचा नाही. त्याचा विषारी वायू दिसत नाही आणि माणूस झोपेत जातो.

तर त्या पौषातल्या संध्याकाळची गोष्ट. पोरांनी जाळीवर पनीर आणि कोंबडी भाजली, आगटीतला हुरडा खाल्ला. फोटो झाले. दिवस मावळला आणि गारठा पडला. बांधापलीकडं ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. बीडकडची माणसं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. दिवाळीच्या पुढंमागं येतात, पट्टा पडला की जातात. पहाटे तीन-चारला बाई उठते, भाकरी थापते, फडक्यात बांधते आणि मग दिवसभर नवऱ्याच्या बरोबरीनं ऊस तोडून मोळ्या वाहते. संध्याकाळी कोपीवर आली की पुन्हा तीन दगड.

त्यातलीच एक तरणी बाई फुटक्या परळात राख घेऊन आमच्या आगटीशी आली. "मावशे, इस्तू द्या की. पाचट दहिवरानं वलं झालंय, पेटंना."

इतका वेळ न हललेली आई उठली. चिमट्यानं चार निखारे परळात घातले. बाई निघाली, तशी काठी टेकत आईही तिच्या मागं निघाली. मला काळजी वाटली, म्हणून मीही गेलो.

कोपीच्या तोंडाशी तीन दगड होते. बाईनं निखारे सारले, वर पाचट टाकलं आणि ओणवी होऊन फुंकायला लागली. धूर सगळा तिच्या तोंडावर. मागं कोपीत झोळीत पोर, धूर त्याच्यावरही. आई दोन मिनिटं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "ऊठ. कुणी मांडली ही चूल?"

"मीच की."

"तोंड चुकलंय." आईनं काठीनं दाखवलं. "वारं हिकडनं येतंय, आन तू तोंड तिकडं क्येलंस. तोंड वाऱ्याकडं कर. पाठ वाऱ्याला दे आन बस. आन कोपीपसनं दहा पावलं लांब घे. घरातली चूल फिरत न्हाई बाई, ही फिरती. फिरीव."

मी दगड उचलले. आई सांगेल तिथं मांडले, उघडी बाजू वाऱ्याकडं. निखारे पुन्हा सारले. वारा तोंडातून आत शिरला, पाचट फुंकर न मारता पेटलं आणि धूर मागच्या बाजूनं पडीक रानाकडं निघून गेला. बाई बघतच राहिली. मीही. तीन दगडांबद्दल मी इतकं वाचलं होतं आणि एवढी गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. खरं म्हणजे मी कधी विचारलीच नव्हती.

मी बाईला विचारलं, "गावाकडं गॅस नाही का?"

"हाय की. उज्ज्वलाची टाकी हाय." २०१६ च्या मे महिन्यात ही योजना सुरू झाली आणि टाक्या घरोघर पोहोचल्या, हे खरं आहे. "पर ती कुलपात हाय. सहा महिनं हितं, कुठं वागवायची? आन भरून कोण देनार?" घर फिरतं आणि टाकी जागेवर राहते, म्हणून अजून तीन दगड. आमच्या पोरांनी हौसेनं जे मांडलं, ते तिला रोज दोनदा मांडायचं होतं.

परत येताना आई वाटेत दोनदा थांबली. दम खाऊन म्हणाली, "ती छोटी टाकी मिळती ना रं, पाच किलोची?"

"मिळते."

"मंग बघ की. पट्टा पडस्तवर."

दुसऱ्या दिवशी शिरूरहून पाच किलोची टाकी आणि एक बर्नर आणला. पोरगी आधी घेईना. आई म्हणाली, "उसनी घे. जाताना दे." फाल्गुनात तिनं ती घासूनपुसून परत आणून दिली. पुढच्या हंगामाला लागेल म्हणून आता आमच्या माळवदावर ठेवली आहे.

पुतण्या यंदाही येणार आहे. त्याची घडीची शेगडी घेऊन ये म्हणून मी त्याला सांगितलं आहे; चांगली वस्तू आहे. चुलीवरच्या भाकरीची हौस मलाही सुटलेली नाही. पण आता ती परसात, उघड्यावर, आणि थापतो मी. पहिल्या वर्षी कडा चिरायच्या. आता फुगते. आई ओट्यावरून बघते आणि तिथूनच ओरडते, "तोंड बघ, तोंड! वारं फिरलंय."

मी उठतो आणि दगड फिरवतो.